नियमांची यंत्रपरीक्षा आणि मनुष्याची यतना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दाभोसा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही धार्मिक ट्रस्टच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयास घेतला, तर तो बहुतांशी वास्तूंचा इतिहास होतो. प्रथम मंदिर, मग उपाश्रय, पाठशाळा, पुढे भोजनशाळा आणि धर्मशाळा, असा हा क्रम असतो. या प्रत्येक वास्तूच्या दर्शनी भागी संगमरवरी शिलालेख असतो आणि त्यावर दात्यांची नावे आदरपूर्वक कोरलेली असतात. मात्र जिन्याची रुंदी किती, सभागृहाचा दरवाजा कोणत्या बाजूस उघडतो, स्वयंपाकगृहातून बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे की नाही, हे कोणत्याही शिलालेखावर लिहिलेले नसते. पर्युषणात वा पारण्याच्या दिवशी शेकडो माणसे एकत्र येतात, तेव्हा त्यांचे प्राण याच न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून असतात. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी विषय निवडला आहे तो बांधकामाच्या नियमांचा, आणि ते नियम पाळले गेले की नाहीत हे संगणकाच्या साहाय्याने तपासण्याच्या नव्या पद्धतीचा.

विषय रुक्ष वाटेल, परंतु त्यामागील वेदना रुक्ष नाही. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेस आग लागली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील ठिणगी गवती छपरापर्यंत पोहोचली, जिना अरुंद होता, आणि ९४ बालके होरपळून गेली. त्या शाळेत विद्यादान चालू होते, अन्नदानही चालू होते. हेतू पवित्र असला म्हणून जिना रुंद होत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा प्रत्येक विश्वस्त मंडळाने मनावर कोरून ठेवावा असा आहे.

जैन आचारधर्मात या विषयास आधार शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, आणि ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे खोट्या मापाचा व्यवहार, या दोहोंची गणना आहे. व्यापारी समाजाने हे दोन्ही अतिचार प्रायः दुकानापुरते जाणले. परंतु शेजारच्या हद्दीपर्यंत सोडावयाची मोकळी जागा बांधकामाखाली घेतली, तर तीही न दिलेली वस्तू घेणेच होय. ती जागा शेजाऱ्याच्या उजेडाची असते, वाऱ्याची असते, अग्निशमन दलाच्या बंबाची असते. नकाशावर दोन मीटर दाखवून प्रत्यक्षात एकच मीटर सोडणे आणि गज आखूड ठेवून कापड मोजणे, या दोहोंत धर्मदृष्ट्या काही अंतर नाही.

आता नियम कोठून येतात ते पाहू. महाराष्ट्रात १९६६ मध्ये प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला. भारतीय मानक संस्थेने १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये निघाल्या. ही संहिता स्वतः शिफारसवजा असते. राज्य वा स्थानिक संस्था आपल्या नियमावलीत ती स्वीकारते तेव्हा तिला बंधनकारक बळ येते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई महानगरपालिका व इतर काही क्षेत्रे वगळून, राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. गावोगावच्या निरनिराळ्या नियमांच्या जागी एकच नियमावली आली, ही गोष्ट यंत्रपरीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. प्रत्येक पेठेत वेगळा गज चालत असेल, तर मापण्याचे एकच यंत्र कोण बनवू शकेल?

संहितेतील काही मापे सर्वांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत. राहण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर, रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची किमान २.७५ मीटर असावी. घराच्या जिन्यास १ मीटर रुंदी चालते. परंतु सभागृहासारख्या वास्तूस सर्वसाधारणपणे २ मीटर लागते. घराच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपर्यंत उंच चालते, तर सार्वजनिक इमारतीत ती १५० मिलिमीटरहून अधिक उंच नसावी. वृद्ध श्राविकेस पूजेचे ताट हाती घेऊन चढताना या चाळीस मिलिमीटरांचा अर्थ कळतो.

असे नियम शेकडो असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. इमारतीची उंची वाढली की बाजूची मोकळी जागा वाढते, वापर बदलला की जिना बदलतो. पूर्वी हे सारे कार्यालयात टेबलावर नकाशा पसरून, मोजपट्टी लावून, एकेक आकडा हाताने ताडून पाहिले जाई. त्यात दिवस जात, डोळे थकत, आणि एकाच नियमाचा अर्थ दोन अधिकारी दोन प्रकारे लावीत. जेथे अर्थ अनिश्चित असतो तेथे विलंब शिरतो. जेथे विलंब शिरतो तेथे अनिष्ट व्यवहारासही वाट मिळते.

नियम यंत्राच्या स्वाधीन करता येतील काय, हा विचार नवा नाही. ज्या १९६६ साली महाराष्ट्रात नगररचनेचा कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत स्टीव्हन फेनव्हेस या अभियंत्याने बांधकामाचे नियम ‘अमुक अट असेल तर तमुक निर्णय’ अशा कोष्टकांत मांडता येतात हे दाखविले. सिंगापूरने १९९५ मध्ये ‘कोरेनेट’ हा राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला आणि त्यातून पुढे इमारतीचे संगणकीय प्रतिरूप वाचून नियम तपासणारी ‘ई-प्लॅनचेक’ ही प्रणाली घडविली. काम सोपे नव्हते, कारण माणसांसाठी लिहिलेला एकेक नियम यंत्राच्या भाषेत नव्याने लिहावा लागत होता. त्याच देशाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कोरेनेट एक्स’ ही नवी व्यवस्था सुरू केली. तीत वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, तसेच पाणी-विजेचे तज्ज्ञ या सर्वांनी मिळून एकमेकांशी जुळविलेले प्रतिरूप सादर करावयाचे असते.

या प्रवासात महाराष्ट्र मागे राहिला नाही, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पुण्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने ‘ऑटोडीसीआर’ नावाची प्रणाली तयार केली. पुणे महानगरपालिकेने या शतकाच्या पहिल्याच दशकात तिचा वापर सुरू केला. नंतर मुंबईसह देशातील अनेक शहरांत ती पोहोचली. या पद्धतीत वास्तुरचनाकाराने संगणकावर काढलेल्या नकाशात प्रत्येक प्रकारची रेषा ठरलेल्या नावाच्या थरात ठेवावयाची असते. भूखंडाची हद्द एका थरात, भिंती दुसऱ्यात, जिना तिसऱ्यात. मग प्रणाली क्षेत्रफळ, चटईक्षेत्र, मोकळी जागा, खोल्यांची मापे मोजते आणि कोणता नियम पाळला व कोणता मोडला याचा तक्ता काढून देते. पुढे राज्य शासनानेही ‘महावास्तू’ या नावाने इमारत परवानगीची संगणकीय व्यवस्था उभी केली.

परंतु नकाशा आणि प्रतिरूप यांत मोठा भेद आहे. कापडाच्या व्यवहारातील दृष्टांत घ्यावयाचा तर, कागदावर आखलेले अंगरख्याचे माप आणि प्रत्यक्ष शिवून तयार झालेला अंगरखा, यांत जो भेद तोच हा. नकाशातील रेषा ही केवळ रेषा असते. ती भिंतीच्या थरात ठेवली म्हणून तिला भिंत म्हणावयाचे. याउलट ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिरूपात भिंत ही भिंत म्हणूनच जन्माला येते. तिला जाडी असते, उंची असते, ती विटेची की काँक्रीटची हे तिला ठाऊक असते. दरवाजा कोणत्या भिंतीत आहे आणि कोणत्या दोन खोल्यांना जोडतो, हे त्याच्याच नोंदीत असते. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींना हे प्रतिरूप एकमेकांत देता-घेता यावे म्हणून ‘आयएफसी’ नावाची सामाईक मांडणी ठरविण्यात आली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. नागपूर मेट्रोच्या उभारणीत अशा प्रतिरूपास काळ आणि खर्च या दोन मितींची जोड देऊन काम केले गेले, हे अनेकांनी वाचले असेल.

याचा उपयोग कसा होतो, हे दाभोशाच्याच उदाहरणाने पाहू. जव्हारच्या पठारावर पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. या परिसरात एखाद्या संस्थेने प्रवाशांसाठी दोन मजली निवास आणि भोजनशाळा बांधावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. जमीन उताराची आहे. वास्तुरचनाकाराने प्रतिरूप तयार केले. आता प्रणाली वरच्या मजल्यावरील सर्वांत दूरच्या खोलीपासून निघते; खोलीचा दरवाजा, मार्गिका, जिना, पुन्हा मार्गिका, असा बाहेर पडण्याच्या सुरक्षित वाटेपर्यंतचा मार्ग स्वतः शोधते आणि त्याची लांबी मोजते. संहितेनुसार अशा इमारतीत हे अंतर सर्वसाधारणपणे ३० मीटरांपेक्षा अधिक असू नये. सपाट नकाशावर हाच मार्ग हाताने मोजावा लागतो, आणि एखादी खोली नजरेतून सुटू शकते. प्रणाली एकही खोली सोडत नाही, कंटाळत नाही. पुढे आयत्या वेळी स्वयंपाकगृह मोठे करण्यासाठी भिंत सरकविली, तर त्यामुळे जिन्याशी येणारी वाट किती अरुंद झाली हेही ती लगेच दाखविते. चूक कागदावरच सापडली तर ती पुसता येते. काँक्रीटमध्ये सापडली तर ती फोडावी लागते. आणि आगीत सापडली तर ती दुरुस्त करावयास वेळच उरत नाही.

तथापि सर्व नियम एकाच जातीचे नसतात. काही नियम निव्वळ मापाचे असतात, जसे खोलीची उंची. काही नियम अनेक गोष्टी जोडून काढावयाचे असतात, जसे बाहेर पडण्याचे अंतर. खिडक्यांचा नियम घ्या. उष्ण व कोरड्या प्रदेशात मजल्याच्या क्षेत्राच्या एक-दशांश इतकी उघडी जागा पुरते, तर उष्ण-दमट प्रदेशात एक-षष्ठांश लागते. म्हणजे वास्तू कोठे उभी राहणार, हे यंत्रास आधी सांगावे लागते. आणि तिसऱ्या जातीचे नियम असे असतात की त्यांत ‘पुरेसा’, ‘योग्य’, ‘प्राधिकाऱ्याचे समाधान होईल असा’ अशी शब्दयोजना असते. त्यांचा निर्णय विवेकानेच करावा लागतो. म्हणून उत्तम प्रणाली ‘उत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्ण’ एवढेच न सांगता, ‘माहिती अपुरी असल्याने सांगता येत नाही’ असेही तिसरे उत्तर देते. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या समाजास हे उत्तर परके वाटू नये. अपुऱ्या ज्ञानावर ठाम होकार देणे हाच खरा धोका असतो.

येथेच या विषयाचा गाभा येतो. यंत्र तपासते ते प्रतिरूप, वास्तू नव्हे. प्रतिरूपात जे सांगितले तेच ते खरे मानते. वजनमापे खात्याची मोहोर असलेली लोखंडी मीटरपट्टी निर्दोष असते. परंतु तिच्यावर कापड ताणून धरावयाचे की सैल सोडावयाचे, हे मोजणाऱ्या हाताच्या स्वाधीन असते. प्रतिरूपात सभागृहाचा दुसरा दरवाजा असतो. त्यास बाहेरून कुलूप घातले आहे, हे प्रतिरूपास ठाऊक नसते. जिन्याखालची जागा त्यात मोकळी असते. तेथे मंडपाचे कापड, खुर्च्या आणि गॅसची टाकी रचली आहे, हे त्यास दिसत नाही.

शिवाय जी वास्तू तपासणीस आलीच नाही, तिचे यंत्राने काय करावे? याच पालघर जिल्ह्यात, विरार येथे, ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. कल्याण-डोंबिवली परिसरात बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घरे घेतली, त्यांच्यावर बेघर होण्याची वेळ आली. अशा ठिकाणी संगणकीय नोंदीचा एक निराळाच लाभ ध्यानात येतो. मंजूर झालेले प्रतिरूप आणि परवानगी सर्वांस पाहता येईल अशा एकाच नोंदवहीत असेल, तर बनावट कागदाची परीक्षा घर घेणारा सामान्य माणूसही करू शकेल. पण नोंदवही उघडून पाहण्याचे कष्ट माणसालाच घ्यावे लागतील.

ग्रामीण भागात तर माणसाची जबाबदारी अधिकच वाढली आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण भागातील सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामासाठी परवानगीची अट शिथिल केली. मालकीची कागदपत्रे, आराखडा आणि परवानाधारक तज्ज्ञाचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यावयाचा, अशी पद्धत आली. सामान्य कुटुंबाचा त्रास वाचला, हे चांगलेच झाले. परंतु याचा दुसरा अर्थ असा की, लहान घराच्या बाबतीत त्या दाखल्यावरील सही हीच मोठी तपासणी आहे. ती सही न वाचता, न पाहता झाली, तर तिच्यामागे दुसरा पहारेकरी जवळजवळ नाहीच.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील जुन्या घरांकडे पाहावे. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा गिलावा आणि पावसाचा मारा अडविणारे खाली उतरलेले छप्पर. या घरांस लेखी संहिता नव्हती, पण पावसाचा अनुभव हीच त्यांची संहिता होती. आता त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे येत आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागास भूकंपाचे धक्के बसत राहिले, तेव्हा जड भिंती आणि जड स्लॅब नीट बांधलेले नसतील तर ते काय करू शकतात, याची चिंता घरोघरी जाणवली. साहित्य बदलले की जुना अनुभव अपुरा पडतो. तेथे लेखी नियम आणि त्यांची काटेकोर तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो.

मग धार्मिक व सामाजिक ट्रस्टांनी काय करावे? साधु-साध्वी भगवंत दिवसातून दोन वेळा आपल्या वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. वस्त्र कालच पाहिले होते, म्हणून आज पाहावयाचे नाही, असे ते म्हणत नाहीत. घडी उलगडून, दोन्ही बाजूंनी, सूक्ष्म जीवासही इजा होऊ नये अशा यतनेने ते पाहतात. जो समाज वस्त्राच्या घडीतील सूक्ष्म जीवाची इतकी काळजी घेतो, त्याने आपल्या वास्तूत येणाऱ्या शेकडो पंचेंद्रिय जीवांची काळजी त्याहून कमी घेऊ नये.

या दृष्टीने तीन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पहिली, नवे बांधकाम वा जीर्णोद्धार हाती घेताना वास्तुरचनाकाराकडून केवळ नकाशा न घेता संगणकीय प्रतिरूप घ्यावे, नियमांच्या तपासणीचा तक्ता मागावा आणि तो विश्वस्तांच्या सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवावा. प्रतिरूप संस्थेच्या दप्तरात राहिले, तर पुढील पिढीस भिंतीत कोठे गज आहे आणि जमिनीखाली कोठे नळ आहे, हे शोधत बसावे लागणार नाही. दुसरी, जुन्या वास्तूंची संरचनात्मक तपासणी मान्यताप्राप्त अभियंत्याकडून ठराविक वर्षांनी करून घ्यावी. तिसरी, प्रतिवर्षी पर्युषणापूर्वी वास्तूचे पडिलेहण करावे. विश्वस्त आणि तरुण मंडळाने मिळून प्रत्येक दरवाजा उघडून पाहावा, प्रत्येक जिना मोकळा करावा, गॅसच्या टाक्या आणि विजेच्या तारा तपासाव्यात आणि जे आढळले ते लिहून सूचनाफलकावर लावावे. या तिसऱ्या कामास संगणकही लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही.

शेवटी एवढेच की, यंत्राने नियम तपासले म्हणून मनुष्य जबाबदारीतून मुक्त होत नाही. उलट, आपणास ठाऊक नव्हते हे म्हणण्याची त्याची सोय संपते. दात्याच्या द्रव्याने वास्तू उभी राहते, वास्तुरचनाकाराच्या बुद्धीने ती सुबक होते, संगणकाच्या साहाय्याने ती नियमांत बसते. परंतु तेथे पाठ म्हणावयास आलेले बालक संध्याकाळी सुखरूप घरी परतते, ते कोणीतरी वेळीच दरवाजाचे कुलूप काढून ठेवले म्हणून. ट्रस्टची पहिली पन्नास वर्षे वास्तू उभारण्यात गेली. पुढील पन्नास वर्षे त्या वास्तूंत येणाऱ्या प्रत्येक जीवास अभय देण्यात जावोत, हीच या शुभप्रसंगी जिनेश्वर भगवंतांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!